मायाक्काचा मुराळी

मायाक्का सकाळपासून नटून बसली होती. ठेवणीतलं हिरवं इरकली लुगडं, तेल चोपडून घट्ट घातलेला अंबाडा, आणि सुनेच्या नजरेला पडू नये म्हणून पलंगाखाली ढकललेलं बोचकं. आज तिला न्यायला मुराळी येणार होता.

घरात सून आलेल्या बाईला मुराळी कसला, असं म्हणून कुणाला हसायचं असेल तर त्यानं खुशाल हसावं. सासरी असलेल्या लेकीबहिणीला माहेरी न्यायला जो माणूस येतो तो मुराळी. सासू कितीही खाष्ट असो, मुराळी दारात येऊन बसला की तिला नाक मुरडून का होईना, ‘घेऊन जा बाबा’ म्हणावंच लागतं. त्याला रिकामा परत धाडला तर गावभर शोभा होते. हा रिवाज मायाक्काला पाठ होता आणि तिनं तो बरोबर हेरून बाहेर काढला होता. लेकाशी वाद घालून ती थकली होती. आता भाऊच येऊन समोर बसला म्हणजे मामापुढं लेकाची जीभ टाळ्याला चिकटेल, असा तिचा अंदाज होता. फरक इतकाच, की इथं सासर म्हणजे तिच्या पोटच्या पोराचा फ्लॅट होता. आणि मुराळी दारात येणार होता खरा, पण त्या दाराला बाहेरून कुलूप होतं.

सांगोल्याच्या पलीकडं, जिथं पाऊस पाव्हण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो, तिथल्या एका वस्तीवर मायाक्काचा जन्म गेला. माहेर आणि सासर यांच्यामध्ये एक ओढा, तोही कोरडा. मेंढरं, शेरडं, थोडी ज्वारी आणि पाणी. पाण्याचं नाव शेवटी घेतलं, पण वस्तीवर त्याचा मान पहिला. टँकर आला की बायका हातातला घास टाकून पळायच्या. एवढ्या कष्टाचं पाणी एकाच कामाला वापरून सोडून द्यायचं नाही, हे मायाक्काच्या हाडात मुरलेलं. तांदूळ धुतलेलं पाणी शेरडांना, भांडी विसळलेलं पाणी दारातल्या शेवग्याला. शिळी भाकरी, शेंगांची टरफलं, डाळिंबाच्या साली, सगळं शेरडांच्या पोटात जायचं आणि सकाळी दूध होऊन परत यायचं. वाया जाणं म्हणजे काय, हे तिला सोलापूरला येईपर्यंत ठाऊक नव्हतं.

नवरा सिद्धाप्पा गेला. दिवसकार्य उरकल्यावर अजिनाथ म्हणाला, “आई, चार दिवस चल सोलापूरला. मन रमंल तुझं.” शेरडं धाकट्या भावाच्या, बिरुदेवच्या हवाली करून ती जुळे सोलापुरातल्या या पहिल्या मजल्यावर आली. त्या चार दिवसांना वर्ष उलटून गेलं. ‘जाते’ म्हटलं की अजिनाथ म्हणायचा, “तिथं कोण हाय तुझं करायला? पडलीबिडलीस तर?” अजिनाथ वाईट मुलगा नव्हता. दुखणं तेच होतं. वाईट असता तर कडाकडा भांडून, बोटं मोडून निघून जाता आलं असतं. सून सोनालीही गुणाची. दिवसभर लॅबमध्ये लोकांचं रक्त तपासून दमून येई आणि उंबऱ्यातूनच विचारी, “आत्या, जेवलात का?” असल्या मायेशी माणसानं भांडावं तरी कसं?

तरी खटका उडालाच. शिळी भाकरी आणि साली कचऱ्याच्या गाडीत जातात हे मायाक्काला बघवेना. तिनं ते सगळं एका बादलीत साठवायला सुरुवात केली. खालच्या रस्त्यानं एका गवळ्याची शेरडं जायची. ती दिसली की मायाक्का गॅलरीच्या जाळीतून मूठ मूठ खाली टाकायची. शेरडं शहाणी, त्यांनी वेळ कधी चुकवली नाही. पण वरच्या मजल्यावरच्या चनबसप्पांची स्कूटर नेमकी त्याच जागी उभी असायची. मूळचे अक्कलकोटकडचे, शाळेतून निवृत्त झालेले हे गृहस्थ स्वभावानं थंड. पण सीटवर डाळिंबाची साल आणि ती साल खायला सीटवर चढलेला बोकड बघून तेही तापले. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनीच बादलीचा विषय काढला. वास येतो, माश्या होतात. अजिनाथला मान वर करायला जागा राहिली नाही.

त्याच आठवड्यात मायाक्का चपला घालून खाली उतरली आणि चालू लागली. विचारत विचारत मंगळवेढ्याच्या रस्त्याला लागली, कारण मंगळवेढ्याच्या पुढं सांगोला, एवढं तिला माहीत होतं. गावाबाहेरच्या एका पेट्रोल पंपावर ती पाणी प्यायला थांबली. म्हातारी एकटी दिसते म्हणून तिथल्या माणसानं तिच्याच फोनवरून अजिनाथला कळवलं. तो धावत आला आणि तिला पोटाशी धरून लहान पोरासारखा रडला. “आई हरवली होती,” असं तो पुढं सगळ्यांना सांगत सुटला. ती हरवली नव्हती. ती घरी चालली होती. पण हे ऐकून घ्यायला कुणाला सवड होती? दुसऱ्या दिवसापासून बाहेरच्या लोखंडी जाळीच्या दाराला कुलूप लागलं, आणि बादली बंद व्हावी म्हणून ओट्याखाली मशीन बसलं.

हे मशीन म्हणजे सिंकच्या भोकाखाली टांगलेलं एक लोखंडी गाडगं. वरून खरकटं टाकायचं, बटण दाबायचं, की घरघर करून सगळं बारीक होतं आणि पाइपानं निघून जातं. पुण्याच्या मैत्रिणीकडं बघून सोनालीनं ते हौसेनं आणलं होतं. तिनं नीट समजावूनही सांगितलं होतं, “आत्या, आधी नळ फुल्ल सोडायचा, मग बटण दाबायचं. आणि बारीक झालं तरी थोडा वेळ नळ चालूच ठेवायचा.” मायाक्कानं मान डोलावली. तिनं मशीनचं नाव ठेवलं गिळ्या.

“आपल्याकडं शेरडं गिळत्यात, पर दूध तरी देत्यात,” ती फोनवर बिरुदेवला म्हणाली. “ह्यो मुडदा नुसताच गिळतोय.”

सुनेचं तिनं सगळं ऐकलं, फक्त नळाचं ऐकलं नाही. भाकरीच्या तुकड्यापायी प्यायचं पाणी गटारात सोडायचं? टँकरमागं धावलेल्या बाईच्या हातून हे पाप कसं व्हावं? घरात कुणी नसलं की ती गिळ्याला एक तांब्या पाणी द्यायची, तेही डाळ धुतलेलं. गिळ्या घरघरायचा, भाकरी दिसेनाशी व्हायची, आणि मायाक्काला वाटायचं, चला, आजचं पाणी वाचलं. खाली पाइपात ज्वारीचं पीठ आणि डाळ थरावर थर थापली जात होती. ती तिला दिसायची कशी?

रोज रात्री बिरुदेवला फोन मात्र व्हायचा. बांडी शेरडी व्याली का, करडं किती, पाला मिळतोय का. शेवटी ती दरवेळी म्हणायची, “बिऱ्या, मला न्ह्यायला ये.” तो म्हणायचा, “येतो की.” असे बरेच ‘येतो की’ वाऱ्यावर गेल्यावर या शनिवारी मात्र तो स्वतःहून म्हणाला, “आक्का, दुपारच्याला येतोय.”

त्या शनिवारी अजिनाथ कामासाठी अक्कलकोटला गेला होता, सोनाली लॅबमध्ये होती. दिवस मावळायच्या आत दोघंही घरी येणार होते. मायाक्काचा बेत पक्का होता. भाऊ जाळीबाहेर बसेल, आपण आतून गप्पा मारू, अजिनाथ येईल, कुलूप काढेल, आणि संध्याकाळच्या एसटीनं आपण सांगोल्याला. भावासाठी तिनं हुलग्याचं माडगं शिजवलं, भाकरी थापल्या, शेंगदाणे भाजून खलबत्त्यात चटणी कुटली. मग मनात आलं, जाता जाता घर लख्ख करून द्यावं, सुनेला बोलायला जागा नको. फ्रीजमधलं सगळं शिळंपाकं, पिठाचा कोंडा, शेंगदाण्यांची लाल फोलपटं, सगळं तिनं गिळ्याच्या तोंडात कोंबलं. वरून तांब्याभर पाणी ओतलं आणि बटण दाबलं.

गिळ्या घरघरला, मग नुसताच गुरगुरला. करडा, चिकट लगदा भोकातून बुडबुडत वर आला आणि सिंकमध्ये पसरला. मायाक्कानं बटण बंद केलं, चालू केलं, परत बंद केलं. लगदा आणखी वर आला.

“आजच मरायचं व्हतं व्हय तुला?” ती त्याला म्हणाली.

एवढंच असतं तर वाटीनं उपसून निभावलं असतं. पण तो दिवस पाण्याचा होता. सोलापुरात पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरोघरी लगीनघाई उडते. चादरी, पडदे, साठलेले कपडे, मोठी पातेली, सगळं त्याच दिवशी धुवायला निघतं. आणि या बिल्डिंगमध्ये सगळ्या मजल्यांवरच्या स्वयंपाकघराचं पाणी एकाच उभ्या पाइपानं खाली येतं. पार्किंगमध्ये जिथं हा पाइप वळतो, तिथं मायाक्काच्या काटकसरीनं बूच मारलं होतं. वरचं पाणी आलं, बुचावर आपटलं आणि सापडेल त्या पहिल्या वाटेनं बाहेर पडलं. पहिली वाट म्हणजे पहिला मजला.

आधी साबणाचा फेस आला. मग चादरींच्या रंगाचं निळसर पाणी. मग मोहरी, कढीपत्ता आणि चिंचेच्या साराचा वास. चनबसप्पांकडं आज सार होतं, हे मायाक्काला बसल्या जागी कळलं. सिंक काठोकाठ भरलं आणि दुसऱ्यांच्या घरचं उष्टं पाणी तिच्या ओट्यावरून खाली सांडायला लागलं.

तिनं पदर खोचला आणि बादली घेतली. उपसायचं, न्हाणीघरात नेऊन ओतायचं, परत यायचं. ती परत येईपर्यंत सिंक पहिल्यासारखंच भरलेलं. सोनालीची पायपुसणी, जुनी पोती, जे हाताला लागेल ते तिनं स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात रचलं. पाणी त्याखालून निघालं. तिनं अजिनाथला फोन लावला.

“आई, आधी नळ बंद कर.”

“नळ बंदच हाय रं!”

“मग पाणी कुठनं येतंय?”

“वरनं येतंय. समद्या बिल्डिंगीचं येतंय!”

“घाबरू नको, मी निघालोच,” अजिनाथ म्हणाला. पण अक्कलकोट काही गल्लीच्या तोंडाशी नाही. सोनालीचा फोन लॅबच्या कपाटात वाजून वाजून गप्प झाला. मायाक्कानं गॅलरीतून वर तोंड करून हाका मारल्या. वर वॉशिंग मशीन गरगरत होतं, खालून ओरडणाऱ्या म्हातारीला कोण विचारतो? तिनं लाटणं घेऊन पाइपावर बडवलं. मग जाळीचं दार दोन्ही हातांनी हलवलं. कुलूप खडखडलं आणि होतं तिथंच राहिलं.

घरात पाणी शिरलं की माणूस दार उघडून बाहेर पळतो. इथं पाणीही आत आणि मायाक्काही आत. पाणी घोट्याला लागलं तेव्हा तिला खरोखरच भीती वाटली. जन्मभर पाणी नाही म्हणून धसका घेतलेल्या बाईला आज पाणी आहे म्हणून घाम फुटला. तिनं धावत जाऊन पलंगाखालचं बोचकं वर काढलं. त्याचा एक कोपरा भिजलाच होता. ते उशीवर ठेवून ती परत उपसायला लागली. लुगड्याचे काठ घाणीनं माखले, पाठीत उसण भरली. आपण इथं काय करतोय, असा प्रश्न तिला पडला, आणि त्या प्रश्नानं तिला रडू फुटलं.

“आक्का! ए आक्का!”

जाळीबाहेर बिरुदेव उभा होता. मायाक्का पाणी तुडवत दाराशी गेली. जाळीतून बोटं घालून तिनं भावाची बोटं धरली.

“आलास रं बाबा! लई येळेवर आलास.”

“ह्ये काय? घरात पानी कसलं? आन दार उगड की.”

“किल्ली अजूकडं हाय.”

बिरुदेव कुलपाकडं बघत राहिला. त्याच्या अंगात पँट-शर्ट होता. डोईला पटका नव्हता, हातात काठी नव्हती. मायाक्काला ते जरा चमत्कारिक वाटलं.

“काठी कुटं तुजी?”

“ऱ्हायली घरी,” तो दुसरीकडं बघत म्हणाला.

काठीवर बोलत बसायची ही वेळ नव्हती. “वर जा,” ती म्हणाली, “आन सांग, पानी बंद करा म्हणावं. तुमचं समदं माज्या घरात येतंय.”

बिरुदेव वर गेला. चनबसप्पांनी दार उघडलं, समोरचा रापलेला चेहरा बघितला आणि “घोंगडी नकोय आम्हाला” म्हणून लावूनही घेतलं. बिरुदेवनं पुन्हा बेल वाजवली, ती दार उघडेपर्यंत वाजवली. मेंढरं वळणाऱ्या माणसाचा आवाज काय चीज असते ते मग सगळ्या जिन्याला कळलं. वॉशिंग मशीन बंद झालं. वरच्या मजल्यांवरही निरोप गेला. आणि चनबसप्पा स्वतः खाली आले.

जाळीच्या आत चिखलपाण्यात उभी असलेली म्हातारी आणि बाहेर लटकणारं कुलूप, दोन्ही त्यांनी एकदम पाहिलं.

“शिव शिव! बाहेरून कोंडून जातात तुम्हाला?”

मायाक्काला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातलं उणं शेजाऱ्याच्या डोळ्यांना पडलं होतं. “कोंडत न्हाय वो,” ती घाईनं म्हणाली. “काळजी करतो माजा ल्योक.”

चनबसप्पांनी खिशातून फोन काढला आणि कासीमला बोलावलं.

कासीम हा आसपासच्या बिल्डिंगींमध्ये पाइपांची कामं करणारा माणूस. कुलूप बघून तो तसाच पार्किंगमध्ये उतरला, कारण पाइपाच्या वळणावरचं झाकण तिथंच होतं. पुढचं सगळं मायाक्कानं फक्त ऐकलं. झाकण फिरवल्याचा आवाज, लोखंडी स्प्रिंग आत सारल्याची खरखर, आणि मग कासीमची आरोळी, “या अल्ला, क्या डाले की इसमें? ही तर मागावरची खळ झाली!” सुताला लावायची ती चिकट खळ सोलापुरात कुणाला माहीत नाही? मायाक्कानं ओळखलं, ते तिचंच होतं. बादल्या भरून निघत होतं. इतकं खाणं! शेरडांचा कळप जगला असता त्यावर.

एकाएकी सिंकनं मोठा आवंढा गिळला. पाणी गोल गोल फिरत खाली गेलं आणि तळाचं स्टील दिसायला लागलं. मायाक्का मटकन खाली बसली.

“मावशी!” कासीमनं खालून हाक दिली. “आता नळ सोडा! फुल्ल सोडा! मी सांगेपर्यंत बंद करायचा न्हाई. आतलं समदं धुऊन गेलं पायजे!”

मायाक्का उठली, नळाशी गेली आणि तशीच उभी राहिली. नळाला चांगलं पाणी होतं. आज आलेलं, ताजं, काचेसारखं. ते असंच सोडून द्यायचं? हात पुढं होईना.

“सोडलं का मावशी?”

तिनं नळ थोडा सोडला. करंगळीएवढी धार.

“त्येनं काय व्हनार? फुल्ल!”

बिरुदेव जाळीपाशी येऊन उभा राहिला होता. त्याला आतलं सगळं कळलं. तो हळू आवाजात म्हणाला, “सोड की आक्का. सोड.”

मायाक्कानं डोळे मिटले आणि नळ सोडला. पाणी धबाधबा कोसळत भोकात जायला लागलं. टँकरच्या झुंबडीत कोपरं लागून लागून आणलेल्या जन्माच्या घागरी कुणीतरी आपल्यासमोर ओतून देतंय, असं तिला वाटलं. ती नळाला धरून रडली. बिरुदेव जाळीला धरून उभा राहिला. त्याला आत जाता येत नव्हतं.

अजिनाथ आला तो सोनालीला वाटेत लॅबमधून घेऊनच. जिन्यात माणसं बघून त्याचा चेहरा उतरला. त्यानं कुलपात किल्ली घातली. दार उघडलं. आई ओट्याला टेकून उभी, लुगडं घाणीनं भरलेलं, केस सुटलेले. तो काही बोलणार तेवढ्यात चनबसप्पाच म्हणाले, “अजिनाथ, पाइप मोकळा झालाय. कुलपाचं तुम्ही बघा. बादलीचा गोंधळ मी घातला होता, त्यामुळं मला फार बोलता येत नाही. पण आज आग लागली असती तर?” एवढं म्हणून ते वर गेले.

सोनालीनं चपलाही न काढता पाण्यातून जाऊन सासूला धरलं. “आत्या, मशीन लावताना तुम्ही नळ सोडत होता ना?”

“तांब्याभर घालत व्हते,” मायाक्का खाली मान घालून म्हणाली. “पानी वाया जातंय गं.”

सोनालीला हसू आलं आणि रडूही. “मशीन काढूनच टाकते मी उद्या,” ती म्हणाली. “आणि आजपासून कुलूपही लावायचं नाही. ऐकताय ना अहो?”

अजिनाथ ऐकत होता. आत येऊन खुर्चीवर बसलेल्या मामाकडं बघायची त्याची हिंमत होत नव्हती.

मायाक्कानं ताडलं, हीच वेळ. लोखंड तापलंय. ती आत गेली, तोंड धुतलं, कोरडं लुगडं नेसली आणि बोचकं घेऊन बाहेर आली. खोलीच्या मधोमध ते ठेवून लेकाकडं तोंड करून म्हणाली, “अजू, माजा मुराळी आलाय. मी आज जातीया.”

अजिनाथनं बोचक्याकडं पाहिलं. त्याचा भिजका कोपरा त्याला दिसला. मग त्यानं आईकडं पाहिलं.

“जा आई,” तो म्हणाला. “एसटीनं नको. मीच सोडतो तुम्हा दोघांना गाडीनं. माझं चुकलं. तू हरवलीस म्हणून मी...”

“न्हाई रं, चुकलं काय त्यात,” मायाक्का म्हणाली. तिला वाटलं होतं बरंच भांडावं लागेल. एवढ्यात सगळं मिटलं म्हणून ती हसली, अगदी मोकळं हसली. तिनं बोचकं उचललं आणि भावाकडं वळली. “ऊठ बिऱ्या. चल.”

बिरुदेव उठला नाही. खुर्चीच्या कडेला अवघडून बसला होता तसाच राहिला.

“आक्का,” तो म्हणाला, “मी न्ह्यायला न्हाय आलो.”

“म्हंजी?”

“सांगाया आलोय. सोनम मला पुन्याला नेतीया. परवा जायाचंय.” सोनम त्याची एकुलती लेक, पुण्यात नोकरीला. “गुडगं गेलं माजं. शेरडामागं पळवत न्हाय. ती म्हनली, बाबा, एकलं ऱ्हायाचं न्हाय आता. ही पँट बी तिनंच घेतली.”

मायाक्कानं बोचकं खाली ठेवलं. “आन माजी शेरडं?”

“समदी बाजारात दिली. तुजी बी. दिवाळीच्या आदीच.”

“बांडी व्याली म्हणून सांगत व्हतास की रं मला. दोन करडं झाली म्हणालास.”

बिरुदेवनं खाली बघितलं. “तू रोज इचारायचीस. मला सांगू वाटंना.”

मायाक्काला भावाचा राग यायला हवा होता, पण आला नाही. त्या नव्या पँटीत तो किती बारका दिसत होता! लहानपणी ओढ्यापलीकडं शेरडं गेली की असाच तोंड पाडून बसायचा. तिला त्याची कीव आली आणि त्याच कीवेत कुठंतरी स्वतःचीही आली.

“कितव्या मजल्यावर हाय सोनम?” तिनं विचारलं.

“सातव्या.”

“बरं,” ती म्हणाली. “जेव आता. माडगं केलंय तुज्यासाटी.”

जेवणं झाली. बिरुदेवनं भाकरी चुरून माडगं खाल्लं, चटणी मागून घेतली. निघताना तो बहिणीच्या पाया पडला. त्याला एसटी स्टँडवर सोडायला अजिनाथ गाडीची किल्ली घेऊन पुढं जिना उतरला. जाळीचं दार भिंतीला टेकवून सताड उघडं ठेवलेलं होतं, कुलूप सोनालीनं कुठंतरी आत टाकून दिलं होतं. बिरुदेव वळून वळून बघत पायऱ्या उतरायला लागला. मायाक्का उंबऱ्याच्या आतच उभी होती.

“आत्या, खालपर्यंत जाऊन या की त्यांच्यासोबत,” सोनाली म्हणाली. “जा ना. दार उघडंच आहे.”

“जाऊन परत हितंच यायचं,” मायाक्का म्हणाली. “मग जायाचं कशाला?”

आणि ती भावाचं ताट उचलायला आत गेली.